सागवान का चालत नाही? लाकडी पाइपच्या घडणीमागचे शास्त्र

कळंब (जि. यवतमाळ) : सागवान हे यवतमाळ जिल्ह्याचे वैभव. दारे-खिडक्यांपासून देवघरापर्यंत सुताराची पहिली पसंती सागवानालाच असते. मात्र तंबाखू ओढण्याचा लाकडी पाइप घडवायचा झाल्यास हेच सागवान बाजूला ठेवावे लागते. पेटता निखारा लाकडाच्याच भांड्यात ठेवायचा आणि भांडे मात्र जळू द्यायचे नाही, असा हा उफराटा व्यवहार आहे. त्यामुळे पाइपची घडण ही कारागिराच्या हाताइतकीच लाकडाचीही परीक्षा ठरते.

चिलीम आणि पाइप

विदर्भातील खेड्यापाड्यांना परिचित आहे ती चिलीम. कुंभाराने भाजलेली माती जळत नाही, पण तापते. म्हणून चिलमीच्या खालच्या तोंडाला ओले फडके, म्हणजेच छापी, गुंडाळावी लागते. तंबाखू तोंडात येऊ नये म्हणून आत खडा टाकावा लागतो. पाइपमध्ये या दोन्ही अडचणींवर रचनेतूनच उपाय केलेला असतो. लाकडातून उष्णता सावकाश वाहते, त्यामुळे पाइप उघड्या हाती धरता येतो. तंबाखूची पोकळी आणि तोंड यांच्यामध्ये अरुंद, लांब मार्ग असल्याने तंबाखू अडतो आणि धूर वाटेत थोडा निवतो.

पाइपचे मुख्य भाग तीन. तंबाखू भरण्याची पोकळी असलेला पेला, त्याला जोडून असलेला देठ आणि देठात बसणारी मुखनळी. पेला व देठ एकाच लाकडातून कोरले जातात. मुखनळी बहुधा एबोनाइटची, म्हणजे गंधक मिसळून कठीण केलेल्या रबराची, किंवा अ‍ॅक्रिलिकची असते.

खोड नव्हे, मुळाशी वाढणारी गाठ

जगभरात पाइपसाठी प्रमाण मानले जाणारे लाकूड ब्रायर होय. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशांत वाढणाऱ्या ‘एरिका आर्बोरिया’ या झुडपाच्या बुंध्याशी, मुळांच्या वर जमिनीत एक कठीण गाठ तयार होते. वणव्यात फांद्या जळून गेल्या तरी या गाठीतून झुडूप पुन्हा फुटते. गाठीचे लाकूड दाट, वेड्यावाकड्या रेषांचे आणि सिलिकायुक्त असल्याने ते उष्णता सोसते व सहजासहजी तडकत नाही. फ्रान्समधील सेंट-क्लोद या गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ब्रायरचे पाइप घडू लागले आणि गावाचे नाव या धंद्याशी कायमचे जोडले गेले.

खणून काढलेली गाठ लगेच कामाला येत नाही. ती ओलसर ठेवून कापतात, तुकडे कित्येक तास पाण्यात उकळून त्यातील टॅनिन व रस काढतात आणि मग महिनोन्महिने सावलीत वाळवतात. ही घाई केली, तर पाइपला पुढे तडा जातो किंवा धुराला कडवट चव येते.

स्थानिक लाकडांची अडचण

सागवानातील तेलकट अंश त्याला पाणी व वाळवीपासून वाचवतो. पण निखाऱ्याशेजारी तोच अंश तापून धुरात मिसळतो. शिवाय सागाच्या रेषा सरळ आणि छिद्रे मोठी असल्याने तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत ते रेषेवर उकलू शकते. शिसव दिसायला देखणे असले, तरी त्याच्या भुकटीने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते. तंबाखूच्या पोकळीला त्याचे अस्तर नको. अंगावर फोड आणणारा बिब्बा आणि विषारी कण्हेर यांची लाकडे तर अशा कामाला हातातही धरू नयेत.

कळंब हे गावाचे नाव एका झाडाचेही आहे. कळंब किंवा कळम या झाडाचे लाकूड कातकामाला व कंगव्यांना वापरले जाते. मात्र चरकावर छान कातले जाणारे लाकूड आगीसमोरही टिकेलच असे नाही. पेर, चेरी, ऑलिव्ह ही लाकडे काही देशांत पाइपसाठी वापरली जातात, पण ब्रायरची बरोबरी ती क्वचितच करतात. अमेरिकेतील मिसुरी राज्यात तर मक्याच्या कणसाच्या बुरकुंडापासूनही पाइप बनतात. ते स्वस्त असतात आणि लवकर जळून जातात.

आराखडा आणि तीन छिद्रे

पाइपचे सारे गणित तीन छिद्रांत आहे. पहिले तंबाखूच्या पोकळीचे, व्यास साधारण 18 ते 20 मिलिमीटर. दुसरे धुराच्या वाटेचे, सुमारे 4 मिलिमीटर. तिसरे देठाच्या टोकाशी, ज्यात मुखनळीची कूस घट्ट बसते. धुराची वाट पोकळीच्या अगदी तळाशी उघडली पाहिजे. ती वर उघडली, तर खालचा तंबाखू न जळता ओला राहतो. खाली घसरली, तर तळ पातळ होऊन जळतो. पेल्याची भिंतही सर्वत्र 7-8 मिलिमीटर तरी राखावी लागते.

म्हणून पारंपरिक पद्धतीत आधी बाजूचे चित्र कागदावर काढून ते ठोकळ्यावर उतरवतात, छिद्रे पाडतात आणि मग बाहेरचा आकार कोरतात. विसाव्या शतकात डेन्मार्कमध्ये काम करणारे सिक्स्टेन इव्हारसन यांनी हा क्रम उलटवला. लाकडाच्या रेषा पाहून आधी आकार द्यायचा आणि छिद्रे नंतर, असा त्यांचा मार्ग. यात सौंदर्याला मोकळीक मिळते. पण छिद्र पाडताना हात किंचित चुकला, तर सारी मेहनत वाया जाते.

करवतीने जादा लाकूड काढल्यावर खरखरीत कानस, मग बारीक कानस आणि शेवटी काचकागद असा प्रवास होतो. लाकूड मधेच ओले करून पुन्हा घासले, की उठलेले तंतू बसतात. रंग पातळ हाताने चढवून वरचा थर पुसला, की रेषा उठून दिसतात. फर्निचरला लावतात ते लाखेचे पॉलिश येथे नको. उष्णतेने लाख मऊ पडते. कार्नोबा मेण कापडी चाकावर चढवून चकाकी आणली जाते.

धोका दोन्हीकडे

पाइपचा धूर छातीत ओढला जात नाही, म्हणून तो निरुपद्रवी, हा समज चुकीचा आहे. ओठ, तोंड, घसा व फुफ्फुस यांच्या कर्करोगाचा धोका पाइपमुळेही वाढतो. खऱ्र्याने आधीच पोखरलेल्या विदर्भाला हे वेगळे सांगायला नको. भारतात 2003 च्या कायद्याने 18 वर्षांखालील व्यक्तींना तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास बंदी आहे.

धोका घडवणाऱ्यालाही आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाच्या भुशाचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केला. पाइप असो वा पाट, कानस चालवताना नाकातोंडावर चांगला मास्क आणि खोलीत खेळती हवा हवीच. सुतारकामावर पोट असलेल्या जिल्ह्यातील कारागिरांसाठी या साऱ्या माहितीतील सर्वाधिक उपयोगाची गोष्ट बहुधा हीच ठरावी.