नोकरी नवी, बाळही येणार... पगारी रजा मिळेल का?

समजा, लग्नानंतर तुम्ही वाराणसीला राहायला गेलात. दशाश्वमेध घाटाजवळच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर नोकरी लागली. १ जुलैला जॉइन झालात तेव्हा पाचवा महिना सुरू होता आणि डॉक्टरांनी तारीख दिली १५ नोव्हेंबर. संध्याकाळच्या गंगाआरतीला आलेल्या पाहुण्यांची गर्दी सांभाळताना मनात एकच प्रश्न: "मी तर नवीन आहे, मला रजा मिळेल का?"

मिळू शकते! गरोदरपणात नोकरी लागली म्हणून हक्क जात नाही. बघायचे असतात ते दिवस.

८० दिवसांचा हिशोब

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्याच मालकाकडे किमान ८० दिवस प्रत्यक्ष काम झालेले हवे. आधीच्या १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातही हीच अट होती. दुकान, हॉटेल किंवा ऑफिसात १० किंवा त्याहून जास्त माणसे कामाला असतील तर हा नियम लागू होतो. कायद्याने ठरलेल्या पगारी सुट्ट्याही या ८० दिवसांत धरल्या जातात.

पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात.

आता आपले उदाहरण बघा. ८ आठवडे आधी, म्हणजे २० सप्टेंबरला रजेवर गेलात, तर आठवड्याला ६ दिवस धरून कामाचे साधारण ६९ दिवसच भरतात. म्हणजे सगळी रजा हातची जाऊ शकते! तब्येत साथ देत असेल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत काम केलेत, तर ८० दिवस पूर्ण होतात. म्हणून रजेचा अर्ज देण्याआधी कॅलेंडर घेऊन बसा.

ईएसआय कापला जातो का?

पगार दरमहा २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि त्यातून ईएसआय कापला जात असेल, तर रजेचे पैसे ईएसआयकडून मिळतात. तिथे आधीच्या लागोपाठच्या दोन अंशदान काळांत मिळून ७० दिवसांचे अंशदान लागते. यात जुन्या नोकरीतले दिवसही धरले जातात, म्हणून जुना विमा क्रमांक नव्या ऑफिसला नक्की द्या.

काढून टाकले तर?

प्रसूती रजेवर असताना नोकरीवरून काढणे बेकायदा आहे. नीरा माथुर विरुद्ध एलआयसी या प्रकरणात प्रोबेशनवरच्या कर्मचारी महिलेला प्रसूती रजेच्या काळात कामावरून कमी केले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तिला पुन्हा कामावर घ्यायला लावले आणि भरतीच्या फॉर्ममधले पाळी व गरोदरपणाबद्दलचे खासगी प्रश्न अयोग्य ठरवले. २०२३ मध्ये याच न्यायालयाने सांगितले की अट पूर्ण असेल, तर कंत्राट संपल्यावरही मातृत्व लाभ द्यावा लागतो.

आजच करा

• नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिप आणि हजेरीचे फोटो जपून ठेवा.
• डॉक्टरांकडून अपेक्षित तारखेचे प्रमाणपत्र घ्या.
• रजेची सूचना लेखी द्या, ईमेल असेल तर उत्तम.
• नकार मिळाला तर तोही लेखी मागा आणि कामगार विभागाच्या कार्यालयात जा.

मुंबई प्रांतात असा कायदा १९२९ मध्येच झाला होता. त्याच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात पाठिंबा दिला होता. तेव्हा ही रजा मागताना संकोच कशाला? घरात, ओळखीत कुणी नव्या नोकरीत गरोदर असेल, तर तिला आजच विचारा: "तुझे ८० दिवस कधी भरतात गं?"