‘वारजे’ सापडते, मग ‘वारज्यात’ का सापडत नाही?

संगणक वापरणाऱ्या शिक्षकाकडे पंधरा-वीस वर्षांत केवढा मजकूर साठतो! प्रश्नपत्रिका, टाचणे, सहलींचे अहवाल, प्रकल्पांच्या नोंदी, पालकांची व सहकाऱ्यांची ई-मेल. हे सारे आपणच लिहिलेले किंवा आपल्यालाच आलेले असते, पण हवे तेव्हा हाती लागेलच याची खात्री नसते.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातील वारज्याच्या टेकडीवर वनखात्याच्या ओसाड जमिनीवर झाडे लावून नागरी वन उभे राहिले. २०२० मध्ये केंद्र सरकारने देशभरासाठी नगरवन योजना जाहीर केली, तेव्हा याच वनाचा दाखला दिला. समजा, जवळच्या शाळेतील विज्ञानशिक्षिका दरवर्षी मुलांना तेथे नेतात आणि पाहिलेल्या झाडांची व पक्ष्यांची नोंद ठेवतात. दहा वर्षांपूर्वी तेथे कोणते पक्षी दिसत आणि आज कोणते दिसतात, ही तुलना त्यांना करायची आहे. अशा नोंदी दुसऱ्या कोणाकडे मिळणार नाहीत. त्या संगणकात ‘वारजे’ हा शब्द शोधतात. दोन फायली सापडतात, बाकीच्या सापडत नाहीत. असे का होते?

शोध म्हणजे सूची

संगणकाने शोधण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत म्हणजे प्रत्येक वेळी सर्व फायली उघडून वाचणे. एका सेकंदात २० फायली वाचून होतात असे धरले, तरी ६००० फायलींना ५ मिनिटे लागतील, आणि पुढचा शब्द विचारला की पुन्हा ५ मिनिटे. दुसरी रीत पुस्तकाच्या शेवटी असणाऱ्या शब्दसूचीची. सर्व फायली एकदाच वाचायच्या आणि कोणता शब्द कोणकोणत्या फायलींत आहे याची यादी करून ठेवायची. पुढे फक्त यादीत पाहायचे.

शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची ग्रंथसूची तयार केली. कष्ट एकाने एकदा घेतले, शोधणे मात्र पुढच्या सर्वांना सोपे झाले. संगणकाची सूची हेच काम करते. यादीत १ लाख शब्द अकारविल्हे असतील तर मधला शब्द पाहायचा, आपला शब्द त्याच्या आधी की नंतर हे ठरवून निम्मी यादी सोडून द्यायची. असे १७ वेळा केले की शब्द सापडतो, कारण २ चा १७ वा घात १,३१,०७२ आहे.

यावरून पहिला नियम मिळतो. जे सूचीत नाही ते संगणकात असूनही सापडणार नाही. विंडोजमधील शोधाची सोय सुरुवातीला ठरावीक फोल्डरांचीच सूची करते. आपला मजकूर दुसरीकडे असेल तर तो फोल्डर सूचीत घालावा लागतो. ‘एव्हरीथिंग’ हे मोफत सॉफ्टवेअर अतिशय वेगवान आहे, पण ते मुळात फायलींची नावे शोधते, आतला मजकूर नव्हे. ‘डॉकफेचर’ आणि ‘रिकॉल’ ही सॉफ्टवेअरे आपण दाखवलेल्या फोल्डरांतील मजकुराची सूची करतात.

मराठीचे सामान्यरूप

आता शीर्षकातील प्रश्नाकडे येऊ. आपल्याला ‘वारजे’ आणि ‘वारज्यात’ हे एकाच गावाचे नाव वाटते. सूचीच्या दृष्टीने ते दोन निराळे शब्द आहेत. मराठीत विभक्तीचा प्रत्यय लागण्याआधी शब्दाचे सामान्यरूप होते, आणि शोधाच्या बहुतेक सॉफ्टवेअरांना मराठीचे व्याकरण येत नाही.

उपाय सोपा आहे. शब्दाचा न बदलणारा भागच शोधावा. ‘वारज’ एवढेच दिले तर ‘वारजे’, ‘वारज्यात’, ‘वारजेतील’ हे सारे सापडू शकते. ‘शाळा’साठी ‘शाळ’, ‘पाणी’साठी ‘पाण’. काही सॉफ्टवेअरांत अशा अपुऱ्या शब्दापुढे तारांकन द्यावे लागते. मात्र ‘पक्षी’साठी ‘पक्ष’ शोधले तर राजकीय पक्षही हजर होतील! आणि ‘फूल’चे ‘फुलाला’ होताना ऊकारच बदलतो, म्हणून तेथे ‘फूल’ आणि ‘फुल’ असे दोनदा शोधावे लागते.

दिसते एक, साठते दुसरे

दुसरी अडचण अधिक खोल आहे. संगणक अक्षरे साठवत नाही, तर अक्षरांचे क्रमांक साठवतो. युनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरीसाठी १२८ जागा राखून ठेवल्या आहेत. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली आली, पण पुढे कित्येक वर्षे आपण श्री-लिपी, आकृती, कृतिदेव असे फाँट वापरत राहिलो. यांतील प्रत्येकाची क्रमांकांची व्यवस्था निराळी होती.

कृतिदेवमध्ये ‘वारजे’ लिहिले तर पडद्यावर देवनागरी दिसते. संगणकाच्या स्मृतीत मात्र ओ, के, जे, टी, एस ही इंग्रजी अक्षरे असतात. युनिकोडमध्ये ‘वारजे’ विचारले तर ती फाईल सापडेल कशी? या फाँटमधील ‘य’ तर अर्धविरामाच्या खुणेवर आहे, त्यामुळे ‘य’ आला की शब्द संपला असे शोधणारे सॉफ्टवेअर समजते. अशा फायली रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने युनिकोडमध्ये आणणे हाच खरा उपाय. तो फाँट संगणकावर आहे तोवरच हे करून, मूळ फाईल समोर ठेवून तपासावे.

युनिकोडमध्येही एखादे अक्षर दोन प्रकारे लिहिले जाते. ‘पायऱ्या’मधील ‘ऱ्य’ साठवण्याच्या दोन रीती आहेत. ‘ॲसिड’मधील पहिल्या अक्षराला २००८ साली स्वतःचा क्रमांक मिळाला. त्याआधीच्या लेखनात ते ‘अ’ला चंद्र जोडून केलेले असते. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात.

फायलीत नेमके काय साठले आहे हे ओळखायची एक युक्ती आहे. त्यातील एक ओळ उचलून नोटपॅडच्या कोऱ्या पानावर चिकटवा. मराठी नीट उमटली तर शोध चालेल. इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटली तर फाँट जुना आहे, किंवा पीडीएफमधील मजकूर बिघडलेला आहे. ओळ उचलताच आली नाही तर ते पान म्हणजे केवळ चित्र आहे. चित्रातील अक्षरे ओळखणारे ‘टेसरॅक्ट’ हे मोफत सॉफ्टवेअर मराठीही वाचते.

ई-मेलचे काय?

ब्राउझरमधून पाहिलेले ई-मेल सहसा आपल्या संगणकात नसते. ते कंपनीच्या संगणकावर असते आणि तेथेच शोधावे लागते. ‘थंडरबर्ड’सारख्या सॉफ्टवेअरने ते आपल्याकडे उतरवून घेतले तर इंटरनेट नसतानाही शोधता येते.

निवड कशी करावी?

जाहिरात वाचून निवडू नये, प्रयोग करून निवडावे. सहा फायलींचा एक फोल्डर करा.

१. ‘वारजे’ असलेली फाईल
२. ‘वारज्यात’ असलेली फाईल
३. ‘पायऱ्या’ असलेली फाईल
४. मराठी पीडीएफ
५. जुन्या फाँटमधील फाईल
६. स्कॅन केलेले पान

मग प्रत्येक सॉफ्टवेअरला तेच शब्द विचारा आणि काय सापडले, काय सुटले याचा तक्ता करा. काही सॉफ्टवेअरे काना-मात्रा आणि हलन्त ही अक्षरे नाहीत असे समजून शब्द तेथेच तोडतात. तेही या प्रयोगात उघड होते.

आणखी एक प्रश्न विचारावा: सूची कोठे राहते? सूचीत आपल्या पत्रांतील व गुणपत्रकांतील शब्द असतात. शाळेच्या सामाईक संगणकावर ती इतरांच्या हाती पडू शकते. ‘गूगल डेस्कटॉप’ हे सॉफ्टवेअर २००४ साली आले. २००६ च्या आवृत्तीत एका संगणकावरून दुसऱ्यावरचे शोधण्याची सोय होती. ती वापरली तर फायलींतील मजकुराची प्रत कंपनीच्या संगणकावर जात असे, आणि त्यावर बरीच टीका झाली. २०११ साली ते सॉफ्टवेअरच बंद झाले. सॉफ्टवेअर गेले तरी सूची पुन्हा करता येते, मूळ फायली मात्र जपाव्या लागतात.

वर्गात करून पाहा

पाठ्यपुस्तकातील एकेक पान प्रत्येक गटाला द्या. पानावरील महत्त्वाचे शब्द चिठ्ठ्यांवर लिहून, पानाचा क्रमांक घालून सर्व चिठ्ठ्या अकारविल्हे लावा. आता एखादा शब्द विचारा आणि तो सापडायला किती वेळ लागला ते मोजा. ‘पाणी’ आणि ‘पाण्याचा’ यांची चिठ्ठी एक करायची की दोन, यावर मुलांत वाद झाला तर होऊ द्या. मराठीसाठी शोधाचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यालाही आधी हाच प्रश्न सोडवावा लागतो.