‘बचनाग’ या नावाचा घोटाळा : लांगली व वत्सनाभ

वर्षाऋतूत यवतमाळ जिल्ह्यातील सागवनांच्या कडेला, झुडुपांवर चढलेली, पिवळ्या-तांबड्या ज्वालेसारख्या फुलांची वेल आपण सर्वांनी पाहिली आहे. हीच लांगली अथवा कळलावी (ग्लोरिओसा सुपर्बा). कंद नांगरासारखा वाकडा म्हणून लांगली. फूल अग्नीसारखे म्हणून अग्निशिखा. प्रसूतीच्या कळा आणते म्हणून कळलावी. पानाचे टोक सुतासारखे वळून आधार धरते, ही तिची खूण होय. पावसाळ्यानंतर वेल वाळते, कंद मात्र भूमीत जिवंत राहतो. खणलेला कंद हाती येतो तेव्हा त्यासोबत ना पान असते, ना फूल.

येथेच घोटाळा होतो. लोकभाषेत अनेक ठिकाणी हिलाही ‘बचनाग’ म्हणतात. शास्त्रातील बचनाग म्हणजे वत्सनाभ. तो हिमालयाच्या थंड, उंच प्रदेशातला. आपल्या रानात तो उगवत नाही. म्हणून स्थानिक जंगलातून आलेला ‘बचनाग’ वत्सनाभ असूच शकत नाही. मृत्युंजय रस, आनंदभैरव रस यांसारख्या कल्पांत तो वापरणे सर्वथा अयोग्य होय.

दोहोंचे विषकार्यही भिन्न आहे. वत्सनाभाने अल्पावधीतच जिव्हेला व मुखाला मुंग्या येऊन बधिरता येते आणि हृदयगती बिघडते. लांगलीतील कोल्चिसिन मात्र दगा देते. काही तासांनंतर दाह, छर्दी व अतिसार सुरू होतो. नंतर रुग्णाला बरे वाटू लागते आणि पुढील काही दिवसांत अस्थिमज्जा व वृक्क यांवर आघात होतो. दोन आठवड्यांच्या सुमारास केस गळतात. म्हणून अतिसार थांबला तरी अशा रुग्णास घरी न पाठविता सत्वर मोठ्या रुग्णालयात धाडावे. सोबत कंदाचा तुकडा अवश्य द्यावा.

लांगली उपविषगणात येते. गोमूत्रात शोधन केल्याविना तिचा आभ्यंतर प्रयोग करू नये. गर्भिणीस ती सर्वथा वर्ज्य आहे. औषधे नियम, १९४५ मधील अनुसूची ई (१) मध्ये लांगली व वत्सनाभ या दोहोंची स्वतंत्र नोंद आहे. पोटात घेण्याच्या अशा औषधांच्या वेष्टनावर, वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, ही सूचना बंधनकारक आहे.

औषधी विक्रेत्या बंधूंना विनंती की, खरेदीच्या नोंदवहीत केवळ ‘बचनाग’ असे लिहू नये. संस्कृत नाम, वनस्पतिशास्त्रीय नाम व माल कोठून आला ते ठिकाण, या तिन्हींची नोंद ठेवावी. चिकित्सकानेही चिठ्ठीवर संस्कृत नामच लिहावे.