बायांनी विचारलं म्हणून

केंदूर हे संत कान्होराज महाराज पाठक यांचं गाव. काकडा, हरिपाठ आणि आळंदीची वारी शिरूर तालुक्याच्या या भागात घराघरांत मुरलेली आहे. ज्ञानेश्वरी इ.स. 1290 मध्ये सांगितली गेली, हे इथं कीर्तनात वाढलेल्या पोरांनाही ठाऊक असतं. पण त्याच काळात मराठी ग्रंथांत उतरत होती आणि त्या घडणीत बायांचा हात केवढा होता, याची कथा फारशी सांगितली जात नाही.

रिद्धपूरचे धवळे

अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा मांडला गेला, तेव्हा महदाइसेनं श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची गाणी रचली. हेच ते ‘धवळे’. तेराव्या शतकातली ही महानुभाव साधिका मराठीची आद्य कवयित्री मानली जाते. पंथातलं तिचं स्थान मात्र केवळ गाणी रचणारीचं नव्हतं. ती पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांना सतत प्रश्न विचारायची, समाधान होईपर्यंत विचारायची. म्हाइंभटांनी शिष्यांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. त्यातल्या कितीतरी लीळांत महदाइसा, बाइसा, आबाइसा, उमाइसा बोलताना भेटतात. मराठी गद्याच्या पहिल्या मोठ्या ग्रंथात बायांचं बोलणं असं ठायी ठायी आहे.

पुढे पंडित केसोबास संस्कृतात रचना करू लागले, तेव्हा पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी त्यांना थांबवलं. पंथातल्या म्हाताऱ्या या ज्ञानाला मुकतील, ही त्यांची चिंता ‘स्मृतिस्थळा’त नोंदली आहे. ज्यांना संस्कृताची दारं बंद होती, त्या बायांकडे पाहून ग्रंथाची भाषा ठरली.

इंग्लंडातल्या बाया

इंग्लंडातही असंच घडत होतं. तिथं विद्येची भाषा लॅटिन होती. सातव्या शतकात व्हिटबीच्या मठाची प्रमुख हिल्ड ही बाई होती. केडमन नावाचा तिथला एक गुराखी इंग्रजीत पदं रचतो, हे कळल्यावर तिनं त्याची पारख केली आणि त्याला मठात घेतलं. नावानं ठाऊक असलेला इंग्रजीचा पहिला कवी तोच. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात एकांतवास पत्करलेल्या तीन बहिणींसाठी ‘अँक्रीन विसे’ हा आचारग्रंथ इंग्रजीत लिहिला गेला. मध्ययुगीन इंग्रजी गद्यात त्याचा मान मोठा आहे.

पुढे बाया स्वतः बोलू लागल्या. नॉर्विचच्या ज्युलियनला 1373 मध्ये आजारपणात दर्शनं घडली. त्यांवरचा तिचा ग्रंथ हे स्त्रीनं लिहिलेलं, आज ठाऊक असलेलं पहिलं इंग्रजी पुस्तक. चौदा लेकरांची आई असलेल्या मार्जरी केम्पला लिहिता येत नव्हतं. तिनं आपलं आयुष्य दुसऱ्यांकडून लिहवून घेतलं आणि इंग्रजीतलं पहिलं आत्मचरित्र म्हणून ते आज ओळखलं जातं. त्याचं हस्तलिखित 1934 मध्ये सापडलं. मधली कित्येक शतकं इंग्रजी वाचकाला ही बाई जवळजवळ अनोळखीच होती.

नाव टिकलं, कारण अभंगात होतं

आपल्याकडे हा वारसा वारीनं जपला. ज्ञानेश्वरांना ताटी उघडायला लावणारी मुक्ताबाई वयानं धाकटी, पण परंपरेनं तिला चांगदेवांचं गुरुपद दिलं. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईनं दळण-कांडण अभंगात आणलं. चोखोबांची पत्नी सोयराबाई हिनं सोवळ्या-ओवळ्याला थेट प्रश्न केला. सतराव्या शतकात शिऊरच्या बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू मानलं. त्यापायी नवऱ्याचा सोसलेला छळही त्यांनी आपल्या आत्मपर अभंगांत सांगितला. या साऱ्याजणींची नावं टिकली, कारण अभंगाच्या शेवटी नाममुद्रा असते. शतकानुशतकं लोकांनी अभंग गायले आणि त्यांसोबत या बायांची नावंही घेतली.

जात्यावरच्या ओवीला अशी मुद्रा नसते. ती आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे गेली आणि रचणारी मागे विसरली गेली. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून या ओव्या गोळा करण्याचं काम हाती घेतलं. त्यांच्या प्रकल्पात हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. आपल्या शिरूर तालुक्यातल्या सविंदणे गावच्या बायाही त्यात गायल्या आहेत. या संग्रहाचं मोल केवळ संख्येत नाही. ओवीसोबत गाणारीचं नाव आणि तिचं गावही त्यांनी नोंदलं.

घरोघरी गिरणीचं पीठ आलं आणि जातं थांबलं. ज्या आज्यांना ओव्या येतात, त्या आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. केंदूर आणि आसपासच्या वाड्यांवरच्या शिकलेल्या लेकी-सुनांनी या दिवाळीत आजीजवळ बसावं, मोबाइलवर तिची ओवी ध्वनिमुद्रित करावी. तिचं नाव, माहेर, सासर आणि ओवी कुणाकडून शिकली तेही लिहून ठेवावं. मराठी वाङ्मयाच्या पुढच्या इतिहासात ही नावं गाळली जाऊ नयेत, याची सोय आज आपल्याच हातात आहे.