गोड्या पाण्यातील शिंपले : जंतुसंसर्ग कमी करण्याच्या पद्धती

ओडिशा, झारखंड, बिहार, पश्चिम बंगाल आणि आसाममध्ये तळी, ओढे व भातखाचरांतील शिंपले आणि गोगलगायी आहारात असतात. प्रथिने व खनिजे देणारे हे स्वस्त अन्न आहे. ते गोळा करून बाजारात विकणाऱ्या कुटुंबांना त्यातून रोख पैसा मिळतो. मात्र योग्य काळजी न घेतल्यास यांतून जुलाब, विषमज्वर व कावीळ होऊ शकते.

शिंपले दूषित का होतात?

शिंपला कल्ल्यांतून पाणी गाळून त्यातील सूक्ष्म कण खातो. पाण्यात मैला मिसळत असेल तर रोगजंतूही त्याच्या शरीरात साठतात. म्हणून पाणी नितळ दिसले तरी त्यातील शिंपला सुरक्षित असेलच असे नाही.

गोळा करताना

• गटार, शौचालय, जनावरांचा गोठा किंवा कारखान्याचे सांडपाणी मिळते तेथील शिंपले घेऊ नका.
• जोराच्या पावसानंतर काही दिवस थांबा. या काळात काठावरची घाण पाण्यात येते.
• कवच उघडे असलेला आणि टिचकी मारूनही न मिटणारा शिंपला मेलेला समजून टाकून द्या.

स्वच्छ पाण्यात शुद्धीकरण

जिवंत शिंपले स्वच्छ पाण्यात ठेवल्यास ते पोटातील घाण व बरेचसे जिवाणू बाहेर टाकतात.

1. कवचावरील चिखल ब्रशने घासून धुवा.
2. टाकीच्या तळापासून थोड्या उंचीवर जाळीचा क्रेट ठेवून त्यात शिंपल्यांचा पातळ थर लावा. विष्ठा जाळीखाली साचते.
3. पिण्यायोग्य पाणी भरा. पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर तो जाईपर्यंत पाणी उघडे ठेवा. वास असलेल्या पाण्यात शिंपले कवच मिटून घेतात. मीठ घालू नका. समुद्री शिंपल्यांची ही पद्धत येथे चालत नाही.
4. टाकी सावलीत ठेवा, हवेचा पंप लावा आणि 24 ते 48 तास खाद्य देऊ नका.
5. पाणी बदलताना आधी क्रेट अलगद उचला, मग टाकी धुवा. तळाची घाण ढवळली तर शिंपले ती पुन्हा गाळून घेतात.
6. मध्येच नवे शिंपले टाकू नका.

हे लक्षात ठेवा

शुद्धीकरणाने जिवाणू कमी होतात; पण कावीळ अ व नोरोव्हायरसचे विषाणू सहज निघत नाहीत. शिसे, पारा यांसारखे जड धातूही या एक-दोन दिवसांत निघत नाहीत. म्हणून दूषित जागेचा शिंपला टाकीत ठेवून सुरक्षित होत नाही.

शिजवताना

कवच उघडले म्हणजे शिंपला शिजला असे नाही. कवच उघडल्यावर आणखी 3 ते 5 मिनिटे उकळा. न उघडलेले शिंपले टाकून द्या. गोगलगायींत परजीवी असू शकतात. त्या कधीही कच्च्या किंवा अर्धवट शिजवून खाऊ नका.

शासकीय मदत

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना 2020 मध्ये सुरू झाली. तिच्या मंजूर घटकांत बर्फपेटीसह सायकल व दुचाकी आणि मासळी विक्री केंद्र यांचा समावेश आहे. लाभार्थी-केंद्रित घटकांसाठी सर्वसाधारण गटाला 40 टक्क्यांपर्यंत, तर महिला, अनुसूचित जाती व जमातींना 60 टक्क्यांपर्यंत अर्थसाहाय्य मिळते. आपल्या भागात सध्या कोणते घटक उपलब्ध आहेत याची चौकशी जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात करा. विक्री करणाऱ्यांनी एफएसएसएआयची नोंदणी करून घ्यावी.