वाटेवरचे जिल्हे

१५ नोव्हेंबर २०२१ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या नायगाव तालुक्यात, मांजरमजवळ, अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या म्हणजे एनसीबीच्या मुंबई शाखेनं एक ट्रक अडवला. आत १,१२७ किलो गांजा होता. माल आंध्र प्रदेशातून आला होता आणि जळगावकडे निघाला होता. कायद्यानं गांजाची 'व्यापारी मात्रा' २० किलो ठरवली आहे. या ट्रकमध्ये तिच्या छपन्न पट माल भरलेला होता.

त्याआधी सहा आठवडे, २ ऑक्टोबरला, याच शाखेनं मुंबईच्या बंदरात एका क्रूझवर धाड घातली होती. तिचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. महिनाभर वाहिन्यांना दुसरा विषय नव्हता, एका सिनेनटाचा मुलगा तुरुंगात राहिला आणि मे २०२२ मध्ये खुद्द एनसीबीनंच पुराव्याअभावी त्याचं नाव आरोपपत्रातून वगळलं. मांजरमच्या ट्रकला त्या गदारोळात जिल्हा पुरवणीत जागा मिळाली. या यंत्रणेचं काम समजून घ्यायचं तर मला मांजरमपासून सुरुवात करणं जास्त योग्य वाटतं. नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे या कहाणीत फार काळ केवळ वाटेवरचे होते. आता ते तसे राहिलेले नाहीत, आणि हा बदल आपल्याकडे पुरेसा ओळखला गेला आहे असं मला दिसत नाही.

नशा हा गुन्हा होण्याआधी तो महसूल होता. ईस्ट इंडिया कंपनीनं अफूची मक्तेदारी उभारली. गाझीपूरचा अफूचा कारखाना १८२० चा. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि तिच्यावरच्या करातून सरकारची तिजोरी भरे. १८९३-९४ मध्ये गांजा-भांग आयोग नेमला गेला, त्यानं अकराशेहून अधिक साक्षी नोंदवल्या आणि सरसकट बंदी नको, परवाना आणि कर पुरे, असा निष्कर्ष काढला. मुंबई इलाख्यात तेव्हा गांजाची परवानाधारक लागवड मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात होत असे. नांदेड आणि लातूर मात्र ब्रिटिश मुलखात नव्हतेच. हा सगळा भाग निजामाचा, आणि निजामाच्या खजिन्यात अबकारी हे उत्पन्नाचं मोठं साधन. गावोगावच्या शिंदीच्या मक्त्यांच्या आठवणी आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात कालपरवापर्यंत येत. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान संपलं, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि मक्त्यांच्या जागी दारूबंदीचा कायदा आला. राज्यघटनेच्या ४७व्या कलमात मादक पेयं आणि अमली द्रव्यं यांच्या बंदीचं मार्गदर्शक तत्त्व होतंच.

अफू-गांजासाठी मात्र देशात १९३० चा घातक औषधी द्रव्यांचा कायदाच चालू होता. पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा. याच १९३० साली अमेरिकेनं आपला पहिला स्वतंत्र संघीय अमली द्रव्य विभाग काढला आणि हॅरी अ‍ॅन्स्लिंगर नावाच्या अधिकाऱ्याच्या हाती दिला. तो तिथं १९६२ पर्यंत होता. गांजाविरुद्ध जगभर रान उठवण्यात त्याचा वाटा मोठा. १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार त्याच वातावरणात झाला. गांजा-भांग इथल्या साधू-बैराग्यांपासून होळीपर्यंत सगळीकडे मुरलेली असल्यामुळे भारतानं मुदत मागून घेतली. करार डिसेंबर १९६४ मध्ये अमलात आल्यापासून पंचवीस वर्षांची सवलत मिळाली. अमेरिकेत १ जुलै १९७३ ला विखुरलेले विभाग एकत्र करून निक्सन सरकारनं 'डीईए' स्थापन केली. एकाच छताखाली तपास, हेर, परदेशी कचेऱ्या हा साचा पुढे अनेक देशांनी उचलला.

भारतावर वेळ आली ती ऐंशीच्या दशकात. इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानातलं युद्ध यांमुळे हेरॉइनच्या जुन्या वाटा बंद झाल्या आणि माल पाकिस्तानमार्गे भारतातून जाऊ लागला. वाटेवर सांडणारा माल इथंच विकला जाऊ लागला. मुंबई-पुण्याच्या झोपडपट्ट्यांत आणि कॉलेजांत 'गर्द' हा शब्द त्याच वर्षांत आला. संसदेत ऑगस्ट १९८५ मध्ये विधेयक मांडलं गेलं, १६ सप्टेंबरला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली आणि १४ नोव्हेंबरपासून अमली पदार्थांविरुद्धचा हा नवा कायदा, म्हणजे एनडीपीएस कायदा, लागू झाला. हेरॉइन-अफूसारख्या गुन्ह्यांना किमान दहा वर्षं सक्तमजुरी. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमाखाली १७ मार्च १९८६ रोजी एनसीबी स्थापन झाली. राज्यांचे पोलीस, सीमाशुल्क, अबकारी, सीमा सुरक्षा दल या सगळ्यांमध्ये समन्वय ठेवणं हे तिचं मूळ काम. आधी ती अर्थ मंत्रालयाकडे होती, २००३ पासून गृह मंत्रालयाकडे आहे.

१९८६ मध्येच, २९ ऑगस्टला, पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यातल्या मुलांवर लिहिलं, ते वाचून पु. ल. देशपांडे हलले, देणगी पुढे आली आणि डॉ. अनिता अवचटांनी केंद्र उभं केलं. पाच महिन्यांच्या अंतरानं जन्मलेल्या या दोन संस्था मला नेहमी शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. एकीकडे मालाचा पाठलाग करणारी सरकारी यंत्रणा, दुसरीकडे माणसाला परत आणणारं घर. सरकारी पैसा आणि राजकीय लक्ष यांतलं बहुतेक सगळं पहिलीच्या वाट्याला आलं.

कायदा पुढे आणखी कडक होत गेला. १९८९ मध्ये जामीन जवळजवळ अशक्य करणारं ३७वं कलम आणि वारंवार गुन्हा करणाऱ्यांना सक्तीची फाशी आली. २००१ मध्ये अल्प मात्रा आणि व्यापारी मात्रा असे थर पाडले गेले, तेव्हा कुठं खिशात चिमूटभर सापडलेला आणि ट्रक भरून नेणारा यांच्यात कायद्यानं फरक केला. सक्तीची फाशी २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं नाकारली. २९ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं तोफान सिंग खटल्यात ठरवलं की या कायद्याखाली तपास करणारे अधिकारी पोलीसच समजले जातील आणि त्यांच्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा धरला जाणार नाही. एनसीबीच्या कामाची पद्धत बदलणारा याहून मोठा निकाल नाही. तोवर कित्येक खटले त्या एका जबाबावर उभे राहत.

पुन्हा मांजरमकडे येऊ. गांजा पिकतो आंध्र-ओडिशा सीमेवरच्या डोंगरांत. विशाखापट्टणमच्या वरचा आदिवासी पट्टा, पलीकडे मलकानगिरी, कोरापूट. 'शीलावती' हे तिथल्या वाणाचं नाव आपल्याकडच्या पोलिसांच्याही तोंडी आहे. तिथून माल तेलंगणातून पश्चिमेला येतो, आणि महाराष्ट्रात शिरायला त्याला देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट असे नांदेडचेच तालुके लागतात. उदगीर, देवणी, निलंगा या बाजूनं लातूरला बिदरची सीमा आहे. भाषा, सोयरिकी, बाजार सगळे सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले. रोज शेकडो ट्रक धान्य, सिमेंट, फळं घेऊन जातात. त्यांतला एक ओळखायचा कसा? खबर असल्याशिवाय तो सापडत नाही. मांजरमला खबर होती, पण ती पोचली मुंबईला, आणि पथक आलं ते पाचशेहून अधिक किलोमीटरवरून.

असा ट्रक पकडल्यावर पुढे जे काम असतं ते बातमीत येत नाही. हजार किलोंहून अधिक माल, एकसारख्या चिकटपट्टी गुंडाळलेल्या पुड्यांत. गांजाच्या एकसारख्या पुड्यांचे चाळीसपर्यंतचे गट करता येतात. प्रत्येक गटातून चोवीस ग्रॅमचा नमुना, तोही जोडीनं. नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवी गरम करून बंद करायची, वर कागदी पाकीट, त्यावर लाख, पंचांच्या आणि आरोपीच्या सह्या. वजनकाटा, पंच, फोटो, यादी. मग दंडाधिकाऱ्यासमोर त्या यादीवर शिक्कामोर्तब. नमुने दंडाधिकाऱ्यासमोरच काढले पाहिजेत असं सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये मोहनलाल खटल्यात बजावलं, आणि २०२२ च्या अखेरीस केंद्रानं त्यासाठी नवे नियमच केले. अंगझडती असेल तर आरोपीला राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी मागण्याचा हक्क आहे हे सांगावं लागतं. यातली एक पायरी चुकली की आठ-दहा वर्षांनी निर्दोष सुटका. रात्री दोन वाजता, रस्त्याच्या कडेला, गाडीच्या उजेडात हे सगळं नियमांत बसवणाऱ्या शिपायाचं आणि हवालदाराचं प्रशिक्षण किती झालेलं असतं, हा प्रश्न आपण विचारत नाही.

ट्रकबरोबर सापडतात ते चालक आणि क्लीनर. मालाचा धनी क्वचितच. ३७व्या कलमामुळे तेच दोघे वर्षानुवर्षं कच्चे कैदी म्हणून राहतात. ज्याच्या नावावर शेत नाही, ट्रक नाही, पैसा नाही, त्याच्यावर या कायद्याचं सगळं वजन पडतं. ते बरोबर आहे असं मला वाटत नाही, आणि एनसीबीच्या कामाचा हिशेब किलोंवर मांडला जाईल तोवर ते बदलणार नाही. पकडलेले किलो सोपे दिसतात. धनी शोधायला बँक खाती, मोबाइल आणि महिने लागतात.

मांजरमनंतर आठवड्याभरातच एनसीबी पुन्हा नांदेडला आली. या वेळी शहराच्या कामठा भागात १११ किलो दोडा म्हणजे अफूच्या बोंडांचा चुरा, जवळपास दीड किलो अफू, दळण्याची यंत्रं आणि पैसे मोजण्याचं यंत्र मिळालं. अफूची कायदेशीर लागवड फक्त मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात होते, केंद्रीय परवान्यानं. म्हणजे इथं माल पूर्वेकडून नव्हे, उत्तरेकडून आलेला. आणि तो नांदेडमध्ये थांबला होता. दळून, मोजून विकायला. वाटेवरच्या जिल्ह्याला स्वतःचं गिऱ्हाईक असल्याची ही खूण होती.

त्यापुढचं पाऊल लातूरमध्ये पडलं. एप्रिल २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयानं, म्हणजे डीआरआयनं, चाकूर तालुक्यातल्या रोहिणा गावात मेफेड्रोन, म्हणजे एमडी, तयार करण्याचा अड्डा उद्ध्वस्त केला. सुकं आणि द्रवरूप मिळून ११.३६ किलो, किंमत सुमारे १७ कोटी. लातूर आणि मुंबई मिळून सात जणांना अटक झाली. एमडीची व्यापारी मात्रा अवघी ५० ग्रॅम आहे हे लक्षात घेतलं की त्या आकड्याचा अर्थ कळतो.

हे द्रव्य फेब्रुवारी २०१५ मध्ये कायद्याच्या यादीत आलं. तोवर मुंबईत ते उघड विकलं जाई आणि पोलिसांना हात लावता येत नसे. त्यानंतर अशा रासायनिक द्रव्यांचे कारखाने शहरांपासून दूर सरकत गेले. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतून अठरा टनांहून अधिक इफेड्रिन पकडलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांना कुरकुंभमध्ये एमडीचा मोठा कारखाना सापडला. २०२५ च्या सुरुवातीला तुळजापूरचं एमडी विक्रीचं प्रकरण उघड झालं. तामलवाडीला तिघे पकडले गेले आणि आरोपींची यादी तिसाच्या पुढे गेली. आई भवानीच्या पायथ्याच्या गावात हे चाललं होतं, याचा धसका सगळ्या मराठवाड्यानं घेतला. लातूर त्याच्या शेजारचाच जिल्हा.

गांजाला डोंगर लागतो, पाऊस लागतो, हंगाम लागतो. एमडीला एक शेड, वीज, पाणी आणि कुणी फिरकणार नाही अशी जागा पुरते. अवर्षणानं आणि भावानं खचलेल्या शेतकऱ्याच्या मालकीची, मुंबई-पुण्याला नोकरीला गेलेल्या भावाच्या नावावरची, वर्षभर कुलूप असलेली अशी जागा आपल्या प्रत्येक तालुक्यात आहे. म्हणूनच रोहिणा एकटं राहील असं मला वाटत नाही. आणि ज्या लातूरमध्ये राज्यभरातून मुलं डॉक्टर व्हायला शिकवणीला येतात, आई-वडिलांपासून लांब, परीक्षेच्या ताणाखाली, भाड्याच्या खोल्यांत राहतात, तिथं हा माल सहज मिळू लागला तर काय होईल, या विचारानं झोप उडते.

कायद्यानं याची तजवीज गावापर्यंत केलेली आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे. ४६वं कलम म्हणतं की आपल्या जमिनीत अफू, गांजा किंवा कोका बेकायदा लावला गेला तर जमीनधारकानं ताबडतोब कळवलं पाहिजे. ४७वं कलम तेच कर्तव्य सरकारी अधिकारी, पंच, सरपंच आणि गावकामगारांवर टाकतं. तुरीच्या ओळींत, कापसात गांजाची झाडं निघाल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. त्यांत कळवणारा सरपंच किंवा पोलीस पाटील जवळपास कधीच नसतो. जागा जाणूनबुजून वापरू देणाऱ्या मालकाला २५वं कलम शिक्षा देतं. पण कळवण्याचं कर्तव्य सांगणाऱ्या ४६-४७ या कलमांना पीक दिसतं, कुलूपबंद शेड दिसत नाही.

२०१९ पासून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक जिल्ह्यात अमली पदार्थांवरची समन्वय समिती आहे. पोलीस, अबकारी, कृषी, आरोग्य, अन्न व औषध प्रशासन, टपाल सगळे तिथं बसतात. बंद कारखान्यांची पाहणी, कुरिअरवर नजर, शाळा-कॉलेजांत जनजागृती हे विषय पटलावर असतात. राज्यानं स्वतःचं अमली पदार्थविरोधी कृती दलही उभारलं आहे आणि केंद्राची १९३३ ही मदतवाहिनी जुलै २०२४ पासून चालू आहे. ही सगळी साधनं कागदावर चांगली आहेत. नांदेड-लातूरसाठी माझी मागणी एवढीच आहे की पथक मुंबईहून येण्याची वाट पाहावी लागू नये. देगलूर-उदगीरच्या सीमेवर, तेलंगण आणि कर्नाटकच्या पोलिसांना नावानं ओळखणारे, तेलुगू-कन्नड समजणारे, नमुने कसे काढायचे ते पाठ असलेले अधिकारी इथंच नेमले पाहिजेत.

आणि त्या समितीच्या पटलावर एक विषय कायमचा हवा. एम्सच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोक गांजा-भांग वापरतात आणि २ कोटी २६ लाख अफूजन्य पदार्थ. यांतल्या प्रत्येकाला तुरुंगात घालता येणार नाही आणि घालूही नये. ६४अ या कलमाखाली, अल्प मात्रेच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार असेल तर त्याच्यावरचा खटला थांबतो. तालुक्याच्या ठाण्यात पोरगा बसवून ठेवलेल्या बापाला ही गोष्ट कुणी सांगत नाही. वकीलही सांगतातच असं नाही. दर महिन्याच्या बैठकीत जिल्हाधिकाऱ्यांनी पोलीस अधीक्षकांना किती किलो पकडले हे विचारावं, आणि लगेच जिल्हा शल्यचिकित्सकांना विचारावं की ६४अ खाली या महिन्यात किती जण उपचाराला पाठवले, आणि त्यांच्यासाठी रुग्णालयात किती खाटा आहेत.