श्रद्धेचा पक्का रंग



माझे गाव देवगाव रंगारी. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यात ते आहे. गावाच्या नावातच रंगारी असल्यामुळे असेल, पण रंगाची एक गोष्ट लहानपणापासून माझ्या मनात बसली आहे. रंगवलेले कापड दोरीवर वाळत घातले असता कच्चा रंग व पक्का रंग सारखेच झळकतात. कोणता कच्चा नि कोणता पक्का, हे पुष्कळ धुणी झाल्यावर कळते. श्रद्धेचेही असेच आहे. एखादा मनुष्य नवी श्रद्धा स्वीकारतो तेव्हा मोठी चर्चा होते. परंतु पुढील तीस-चाळीस वर्षे ती श्रद्धा त्याने कशी सांभाळली, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. ख्रिस्ती धर्मात ज्याला ‘शेवटपर्यंत टिकणे’ म्हणतात, त्याचा अर्थ पंडिता रमाबाईंच्या चरित्राच्या आधाराने आज आपण समजून घेऊ.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. नव्या करारातील पत्रे ज्या मंडळ्यांना लिहिली गेली, त्या लहान होत्या व त्यांतील कित्येकांचा छळ होत होता. श्रद्धा धरली म्हणजे संकटे टळतील, असे आश्वासन त्या पत्रांत नाही. तेथे टिकून राहण्यासाठी जो ग्रीक शब्द येतो, तो आहे ‘हुपोमोने’. त्याची फोड केली तर अर्थ होतो ‘खाली राहणे’. डोक्यावर भार आहे, तो उतरलेला नाही, आणि तरीही मनुष्य त्याखालून निसटत नाही; ही ती अवस्था. आपण ‘सहनशीलता’ म्हणतो तेव्हा मुकाट्याने सोसणारा मनुष्य डोळ्यांपुढे येतो. ग्रीक शब्दात मात्र पाय रोवून उभे राहण्याचा भाव आहे. रमाबाईंचे आयुष्य या शब्दावर ठेवून पाहिले, म्हणजे दोहोंतील भेद स्पष्ट होतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला व मुलींना संस्कृत शिकविले, आणि त्याबद्दल लोकांचा रोष पत्करला. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडू लागले. दुष्काळात वडील, आई व थोरली बहीण थोड्याच अवधीत गेली. उरलेली रमाबाई व भाऊ श्रीनिवास अर्धपोटी, पायी भटकत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथे पंडितांनी त्यांच्या विद्वत्तेचा गौरव केला. परंतु १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीही गेले. वय तेवीस, आणि कडेवर मनोरमा.

पुढल्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या व २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. येथपर्यंतची हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. आपला प्रश्न येथून पुढे सुरू होतो.

पहिली गोष्ट ही की, रमाबाईंनी श्रद्धा स्वीकारली, पण विचार करणे सोडले नाही. वाँटेजच्या ज्या धर्मभगिनींनी त्यांना आश्रय दिला, त्यांच्याशी त्यांचे सिद्धांतांवरून वाद झाले. बिशपांचे म्हणणे केवळ बिशपांचे म्हणून मान्य करण्यास त्या तयार नव्हत्या. त्यांनी मांसाहार केला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. यजमानांना हा हट्ट वाटला. पण ही वृत्ती त्या घरूनच घेऊन आल्या होत्या. शिवाय १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी मोकळेपणाने कबूल केले की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो समज सुमारे आठ वर्षांनी आला. म्हणजे ही आठ वर्षे त्या अपुऱ्या प्रकाशात चालत होत्या. ज्यांना वाटते की दृढ श्रद्धा म्हणजे पहिल्या दिवसापासून शंकारहित मन, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट लोकनिंदेची. ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. तेथे धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे ठरले होते. बाईंनी स्वतःच्या प्रार्थनेचे दार मात्र बंद केले नाही, आणि काही मुली त्या वेळी जवळ येऊन बसू लागल्या. हा वचनभंग आहे, असा आक्षेप आला. निःपक्षपणे पाहू जाता आक्षेप घेणाऱ्यांची काळजी खोटी नव्हती. मुली परक्या विश्वासाने तेथे सोपविलेल्या होत्या. परंतु बाईंचीही बाजू होती: लपून प्रार्थना करणे त्यांना जमणारे नव्हते. १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि पालकांनी मुली नेल्या. ज्या पुण्याने अकरा वर्षांपूर्वी त्यांची व्याख्याने ऐकली होती, ते पुणे दुरावले. बाई पुणे सोडून पळाल्या नाहीत, वा संस्था बंद केली नाही. ज्या मुली राहिल्या, त्यांना शिकवीत राहिल्या.

तिसरी गोष्ट १८९६-९७ च्या दुष्काळाची. मध्य प्रांतातील भुकेलेल्या मुलींच्या वार्ता ऐकून त्या स्वतः तिकडे गेल्या व शेकडो मुली घेऊन आल्या. ज्या बाईने कोवळ्या वयात आईबापांना भुकेने झिजताना पाहिले होते, तिला त्या मुलींच्या चेहऱ्यांत काय दिसले असेल, हे सांगावयास नकोच. पुण्याजवळ केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तेथील संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्यांना रोज जेवू घालायचे, रोग्यांची शुश्रूषा करायची, विणकाम, शेती, छपाई शिकवायची! दुःख विसरण्याचा हा उपाय होता, असे मी म्हणत नाही. दुःखाला कामास लावण्याचा मात्र होता.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत मोठी. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातील बायकांना ती कळत नाही, आणि तिच्यातील पुष्कळ शब्द जुन्या शास्त्रांचे अर्थ घेऊन येतात, असे रमाबाईंना वाटे. म्हणून १९०४-०५ च्या सुमारास, वयाच्या सेहेचाळिशीनंतर, मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी संपूर्ण बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद आरंभिला. कानांनी त्यांना तरुणपणापासूनच नीट ऐकू येत नसे. छापखाना मुक्तीचाच, खिळे जुळविणाऱ्या तेथील मुलीच. संस्थेचा व्याप सांभाळून हे काम सुमारे सतरा वर्षे चालले.

ते अपुरे असतानाच २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. आईचा उजवा हात ती होती. निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथे शाळेचे कामही तिने उभे केले होते. वय चाळीस. संस्था जिच्या हाती सोपवावयाची, तीच आधी गेली. त्यानंतर बाईंना सुमारे साडेआठ महिने मिळाले. त्यांत अनुवादाचे उरलेले काम त्यांनी पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. चौसष्ट वर्षे पुरी होण्यास अठरा दिवस उणे होते. संपूर्ण ग्रंथ छापून निघाला तो १९२४ साली. त्यांनी तो पाहिला नाही. आणि हेही सांगितले पाहिजे की, मंडळ्यांतून तो अनुवाद रूढ झाला नाही. जुनेच भाषांतर वाचले जात राहिले. यशावरून मोजावयाचे तर हा खटाटोप व्यर्थ ठरेल. टिकून राहण्याचे माप यशावरून घेता येत नाही, हेच तर येथे शिकावयाचे.

असे उदाहरण एकच नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अकराएक अध्यायांवर थांबले होते. नवऱ्याच्या धर्मांतराने कधी काळी जिचा संसार मोडला, व जिने पुढे स्वतःच्या विचाराने तोच धर्म १९०० साली स्वीकारला, त्या लक्ष्मीबाईंनी त्याचे आणखी चौसष्ट अध्याय रचले. १९३६ साली त्या गेल्या. काव्य छापले गेले १९३८ साली.

माझ्या शाळेत एक ख्रिस्ती सहाध्यापक होते. त्यांची पत्नी कित्येक वर्षे अंथरुणाला खिळून होती. संध्याकाळी शाळा सुटली की ते घरी जाऊन तिच्या उशाशी बसून वाचीत. एकदा मी धीटपणे विचारले, “गुरुजी, इतकी वर्षे प्रार्थना करता, ती बरी तर झाली नाही. मग?” ते रागावले नाहीत. म्हणाले, “मास्तर, बरी व्हावी असे रोज मागतो. पण ती बरी झाली तरच वाचीन, असे कधी ठरवले नव्हते.” पत्नी गेल्यावरही संध्याकाळी त्यांच्या घरातून वाचण्याचा आवाज येत असे. मी त्यांच्या धर्माचा नाही. पण त्या वाटेने जाताना पावले आपोआप हळू होत.

‘खाली राहणे’ या शब्दाचा अर्थ मला कोशापेक्षा त्या घरात अधिक कळला. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी, कोणत्याही धर्माचे असो, असा एखादा न उतरलेला भार असतो. त्याखाली उभे राहून आजचे काम आज करणारी माणसे आपल्या शेजारीच असतील. त्यांची ओळख करून घ्यावी, एवढीच विनंती करून रजा घेतो.